बसचा मक्ता आणि आगाराची मालकी

(पंचायत राज्य संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी आपल्यापैकी एका गृहस्थांनी मला विचारले, "साहेब, विलायतेतल्या बसगाड्यांची गोष्ट ऐकून आमच्या वस्तीच्या गाडीचे काय भले होणार?" प्रश्न रास्त आहे. किंबहुना त्या वस्तीच्या गाडीसाठीच मी मँचेस्टरची हकीकत सांगावयास उभा आहे. ती गाडी रात्री गावात मुक्कामाला येते, पहाटे दूधवाल्यांना व बाजारकऱ्यांना घेऊन तालुक्याला जाते आणि पुढच्या फेरीत शाळा-कॉलेजची मुले नेते. ती कोठून सुटते, कोणाच्या आज्ञेने सुटते आणि रात्री कोठे उभी राहते, या तीन प्रश्नांची उत्तरे येत्या काही वर्षांत बदलण्याचा संभव आहे. त्या बदलाला सामोरे जाताना दुसऱ्यांनी पैसे मोजून घेतलेला धडा आपल्याला फुकट मिळत असेल, तर तो घ्यावा.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ज्या पद्धतीविषयी मी बोलणार आहे तिला इंग्लंडात 'फ्रँचायझिंग' म्हणतात. मी तिला 'सार्वजनिक मक्ता पद्धत' म्हणेन. आपल्याकडे मक्ता म्हटले की लगेच मक्तेदारी आठवते. परंतु या दोन गोष्टी भिन्न, नव्हे, परस्परविरुद्ध आहेत. ठरावीक काम, ठरावीक मुदतीत, ठरावीक मोबदल्यात करून देण्याचा करार म्हणजे मक्ता. मक्तेदारीत मालकाला मुदत नसते आणि जाब विचारणाराही नसतो. सार्वजनिक मक्ता पद्धतीत मार्ग, वेळापत्रक आणि भाडे सार्वजनिक प्राधिकरण ठरवते. गाडी चालवण्याचे काम निविदा काढून कंपनीला दिले जाते. तिकिटाचे उत्पन्न प्राधिकरणाकडे जमा होते आणि कंपनीला ठरलेला मोबदला मिळतो.

आता मँचेस्टरकडे वळू. इचलकरंजीला आपण 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतो, त्यावरून त्या शहराचा मूळ धंदा ध्यानात येईल. मधोमध मोठे शहर आणि भोवती बोल्टन, विगन, ओल्डहॅम, रॉचडेल, स्टॉकपोर्ट अशी कापडगिरण्यांची गावे. आज अशा दहा स्थानिक प्रशासनांचा मिळून 'ग्रेटर मँचेस्टर' हा प्रदेश बनतो आणि २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे २८ लाखांहून अधिक लोक राहतात. पूर्वी प्रत्येक गावाची नगरपालिका आपापली ट्राम व बस चालवीत असे. १९६९ साली अशा अकरा नगरपालिकांच्या बससेवा एकत्र करून एक प्रादेशिक यंत्रणा उभारण्यात आली. तिच्या नारिंगी रंगाच्या गाड्या त्या भागातील मागच्या पिढीला अजून आठवतात.

मग १९८५ चा वाहतूक कायदा आला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळता ब्रिटनमधील बसवाहतूक खुली झाली. खुली म्हणजे किती, हे आपल्या अधिकारी मित्रांनी ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडे टप्पा वाहतुकीला परवाना लागतो. तेथे नोंदणी पुरेशी ठरली. कंपनीने वाहतूक आयुक्तांकडे मार्ग व वेळापत्रक नोंदवावे, ४२ दिवसांची पूर्वसूचना द्यावी आणि गाडी सुरू करावी. बंद करावयाची झाली तरी हीच रीत. कोणत्या गावाला गाडी हवी, शाळा किती वाजता भरते, रुग्णालयातील पाळी केव्हा सुटते, हे विचारण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नाही. जेथे कोणीही कंपनी गाडी चालवीत नाही, तेवढीच पोकळी स्थानिक प्राधिकरणाने स्वतःच्या पैशाने, निविदा काढून भरावी, अशी ती व्यवस्था होती.

स्पर्धा झाली की भाडे उतरेल, सेवा सुधारेल, असा त्यामागचा विचार होता आणि तो अप्रामाणिक नव्हता. काही ठिकाणी गाड्यांची संख्या वाढलीही. परंतु वाढली कोठे? शहराच्या मध्यभागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या विल्म्स्लो रोडवर, विद्यापीठाच्या दारावरून, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या एकामागे एक रांगेने धावू लागल्या आणि कडेच्या वस्त्यांना संध्याकाळनंतर व रविवारी गाडी मिळणे कठीण झाले. एका कंपनीचे नेहमीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नसे. सर्व गाड्यांत चालणारे तिकीट होते, पण ते महाग पडे. हायवेवरच्या गावी दर दहा मिनिटांनी वडाप आणि दोन किलोमीटर आतल्या वाडीला दिवसभर काही नाही, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. तेच तेथे कायद्याने घडवून आणले.

हिशेबाच्या अंगाने यात एक बारकावा आहे. प्रत्येक वाहतूक व्यवस्थेत काही मार्ग चार पैसे मिळवून देतात आणि काही मार्ग ते खातात. दोन्हींचे उत्पन्न एकाच पेटीत जमा होत असेल, तर भरलेल्या मार्गाच्या जिवावर रिकामा मार्ग जगतो. १९८६ नंतर मँचेस्टरात पेट्या दोन झाल्या. भरलेल्या मार्गाचा नफा कंपनीच्या पेटीत आणि रिकाम्या मार्गाचा तोटा करदात्याच्या पेटीत. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या उत्पन्नातून ग्रामीण फेऱ्यांना हातभार लावणे हा एस.टी.च्या हिशेबाचा पहिल्यापासूनचा पाया आहे. त्यामुळे मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका शेडचा फेरफार उतारा

मार्गांची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. आगारांची कथा सहसा कोणी सांगत नाही. १९८६ साली प्रादेशिक यंत्रणेच्या गाड्या व आगारे 'जी.एम. बसेस' या कंपनीकडे गेली. १९९३ साली त्या कंपनीचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे झाले. १९९४ साली ते तेथील कर्मचारी व व्यवस्थापकांना विकण्यात आले आणि १९९६ साली दोन मोठ्या खाजगी बस कंपन्यांनी ते विकत घेतले. गाड्यांबरोबर आगारेही गेली.

क्वीन्स रोड या एका आगाराचे उदाहरण घ्या. १९०१ साली मँचेस्टर नगरपालिकेने आपल्या विजेच्या ट्रामगाड्यांसाठी ते उघडले. आपल्या तलाठ्याकडून या जागेचा फेरफार उतारा काढता आला असता, तर त्यावर नावे अशी दिसली असती: नगरपालिका, १९६९ पासून प्रादेशिक यंत्रणा, १९८६ ची कंपनी, १९९३ चा उत्तर विभाग, १९९४ चे कर्मचारी-भागधारक, १९९६ ची एक मोठी कंपनी, २०१९ ची दुसरी मोठी कंपनी, आणि शेवटी पुन्हा सार्वजनिक प्राधिकरण. शंभर वर्षांपूर्वी जनतेच्या पैशाने बांधलेली शेड जनतेलाच पुन्हा पैसे मोजून घ्यावी लागली. शेजारी वाहतुकीचे एक संग्रहालय आहे. त्यात जुन्या बसगाड्या ठेवलेल्या आहेत. हा उताराही तेथे टांगावयास हरकत नाही.

प्राधिकरणाने आगारे परत का घेतली? केवळ भावनेपोटी नव्हे. मक्ता पद्धतीचा सारा जीव निविदेत असतो आणि निविदेत खरी स्पर्धा झाली तरच भाव वाजवी येतो. भरवस्तीच्या शहरात दीडशे गाड्या उभ्या राहतील, धुतल्या जातील, दुरुस्त होतील अशी जागा नव्याने मिळणे जवळजवळ अशक्य. ज्या कंपनीकडे आगार आहे, तिच्याशी बाहेरून येणाऱ्याने स्पर्धा कशी करावी? त्याने जागा दूर घेतली तर त्याच्या गाड्या रोज रिकाम्या धावून मार्गावर येणार आणि तो खर्च त्याच्या निविदेत चढणार. म्हणजे आगारवाली कंपनी मागेल तो भाव. लंडनमध्ये एकेका मार्गाची निविदा निघते आणि तेथील बहुतेक आगारे कंपन्यांचीच आहेत. त्यामुळे ज्याचे आगार मार्गाजवळ, त्याचे पारडे मुळातच जड असते. मँचेस्टरने निराळा रस्ता धरला. मोठे मक्ते मार्गवार न देता आगारवार दिले. आगार प्राधिकरणाने ताब्यात घेतले आणि मक्त्याच्या मुदतीपुरते चालकाच्या हवाली केले. साधारण पाच वर्षांचा करार, पुढे दोन वर्षे वाढवता येईल असा. कंपनी बदलली तरी आगार जागच्या जागी राहते आणि कामगारही सेवाशर्तींच्या कायदेशीर संरक्षणासह नव्या चालकाकडे जातात. लहान कंपन्या अगदीच बाहेर पडू नयेत म्हणून छोटे मक्ते वेगळे काढले.

हे सरळपणे झाले नाही. महापौरांना हा अधिकार देणारा बससेवा कायदा २०१७ साली संमत झाला. त्याच वर्षी अँडी बर्नहॅम ग्रेटर मँचेस्टरचे महापौर निवडून आले. निर्णय झाला तो २५ मार्च २०२१ रोजी. त्यानंतर दोन बस कंपन्या न्यायालयात गेल्या. ज्या आकड्यांवर निर्णय उभा आहे ते करोनापूर्व काळातले आहेत आणि साथीने प्रवासी संख्या पार बदलून टाकली आहे, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. तो मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने व जुलैमध्ये अपील न्यायालयाने अमान्य केला. तरीही, मला विचाराल तर, कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता. मक्ता पद्धतीत प्रवासी घटले तर तोटा कंपनीचा नसतो, जनतेच्या तिजोरीचा असतो. संक्रमणाच्या खर्चाचा अंदाजच सुमारे १३ कोटी ४५ लाख पौंडांचा होता. ज्याला वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार हवा, त्याने तोटा सोसण्याची तयारीही ठेवली पाहिजे. हा सौदा स्वस्त आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आधी ताबा, मग नकाशा

प्रत्यक्ष हस्तांतर तीन टप्प्यांत झाले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी विगन, बोल्टन व लगतचा काही भाग. २४ मार्च २०२४ रोजी रॉचडेल, ओल्डहॅम व उत्तरेकडील भाग. आणि ५ जानेवारी २०२५ रोजी स्टॉकपोर्ट, टेमसाइड, ट्रॅफर्ड यांसह उर्वरित प्रदेश. कॅलेंडर पाहिले तर हे तिन्ही दिवस रविवार आहेत. वर्दळ कमी असते, चुका झाल्या तरी सोमवारच्या आत दुरुस्त करण्याची थोडी उसंत मिळते. वाहतूक खात्यात ज्याने वेळापत्रक बदलाची रात्र काढली आहे, त्याला या रविवारांची किंमत कळेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ताबा घेताना मार्गांचा नकाशा जवळजवळ होता तसाच ठेवण्यात आला. गाड्यांना पिवळा रंग आला, त्यावर मधमाशीचे चिन्ह आले (कष्टकरी मधमाशी हे त्या शहराचे जुने बोधचिन्ह), पण मार्ग क्रमांक व थांबे बहुतांशी तेच. नवा कारभारी आला की पहिल्याच दिवशी सर्व मार्ग आखून मोकळा होतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. त्यांनी ते टाळले. कारण कोणत्या थांब्यावर किती माणसे चढतात, किती वाजता चढतात, कोठे गाडी नेहमी उशिरा येते, ही माहिती तोवर कंपन्यांच्या कपाटात होती. तिकिटाचे उत्पन्न ज्याच्याकडे, माहिती त्याच्याकडे. ती हाती आल्यावरच एकेका विभागाच्या मार्गांचा फेरविचार करावयाचा, असा क्रम ठेवला. पहिल्या टप्प्यात गाड्या वेळेवर येत नसल्याच्या तक्रारी झाल्या. काही वेळापत्रके रस्त्यावरील वास्तवाशी जुळणारी नव्हती आणि ती पुन्हा बसवावी लागली.

माहिती हाती आल्यावर काय करता येते, याची दोन उदाहरणे सांगतो. १ सप्टेंबर २०२४ पासून बोल्टन ते मँचेस्टर आणि ली ते मँचेस्टर या दोन मार्गांवर रात्रभर गाड्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. रुग्णालये, गोदामे, उपाहारगृहे यांतील रात्रपाळीच्या माणसांची गरज त्यामागे होती. दुसरे उदाहरण तिकिटाचे. २३ मार्च २०२५ पासून दोन पौंडांच्या एका तिकिटावर तासाभरात कितीही बसगाड्या बदलता येऊ लागल्या. ही वरवर सवलत वाटते. पण मार्गरचनेच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट आहे. गाडी बदलताना प्रवाशाला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागत असतील, तर प्रत्येक गाव 'आमची गाडी थेट पाहिजे' म्हणणार आणि त्याचे बरोबरच आहे. मग मार्ग लांबतात, वळसे वाढतात आणि एकही गाडी वेळेवर येत नाही. एकच तिकीट चालू लागले की लहान गाडीने नाक्यापर्यंत आणि तेथून मोठ्या गाडीने शहरापर्यंत, अशी रचना लोक मान्य करतात. आपल्याकडे टप्पा सहा किलोमीटरचा. गाडी बदलली की नवे तिकीट आणि टप्प्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. ग्रामीण मार्गांची फेररचना करावयाची असेल, तर आधी हा तिकिटाचा प्रश्न सोडवावा लागेल. नाहीतर नकाशावर सुबक दिसणारी योजना पहिल्या आठवड्यात मोर्चाला तोंड देत बसेल.

आपल्याकडे काय आहे

मँचेस्टरने जे पैसे देऊन परत मिळवले, ते आपल्याकडे कधी गेलेच नव्हते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने तिला कायदेशीर चौकट मिळाली. मोटार वाहन कायद्यात १९५६ साली घातलेल्या 'चार-अ' या प्रकरणाने मार्गांचे राष्ट्रीयीकरण करण्याची रीत घालून दिली आणि १९८८ च्या कायद्यातही ती सहाव्या प्रकरणात कायम राहिली. आज ३१ विभाग आणि सुमारे अडीचशे आगारे महामंडळाकडे आहेत. त्यांतील कित्येक तालुक्याच्या ऐन मध्यावर, बाजारपेठ व कॉलेजच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्या काळी गावाबाहेर वाटणारी जागा आज भरवस्तीत आली आहे.

म्हणून आपला प्रश्न मँचेस्टरच्या उलटा आहे. त्यांना ताबा मिळवावयाचा होता; आपल्याला तो नकळत सुटू द्यावयाचा नाही.

नकळत कसा सुटेल? नवीन गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याच्या वाटेने. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीच्याच मार्गावर, 'शिवाई' ही विजेवरील गाडी सुरू झाली. पुढे ५,१५० विद्युत गाड्या भाड्याने घेण्याचा करार महामंडळाने केला. गाडी व चालक कंत्राटदाराचे, वाहक व तिकिटाचे उत्पन्न महामंडळाचे, मोबदला किलोमीटरवर, असे या पद्धतीचे साधारण स्वरूप असते. नाव काही द्या, तत्त्वतः ही मक्ता पद्धतच आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. भांडवल एकदम उभे करणे महामंडळाला कठीण आहे, हे उघड आहे. मात्र मुंबईत 'बेस्ट'ने २०१९ पासून भाड्याच्या गाड्या घेतल्यानंतर काही कंत्राटदारांनी मुदतीपूर्वीच काम सोडले, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तशा वेळी आगार आपले असेल तर दुसरा चालक आणता येतो. आगारातील चार्जिंगची यंत्रणा, कार्यशाळेतील यंत्रे, विजेची जोडणी हे सारे कंत्राटदाराच्या नावावर असेल, तर जमीन आपली असूनही आगार आपले राहत नाही. तेव्हा करार संपल्यावर ही यंत्रणा कोणाकडे आणि कोणत्या किमतीला जाईल, हे कलम अधिकारी मित्रांनी सर्वप्रथम वाचावे.

आता वस्तीच्या गाडीकडे येतो. समजा, आगारापासून एक गाव ४० किलोमीटर आत आहे. गाडी रात्री गावी मुक्कामाला राहिली तर पहाटेची पहिली फेरी तेथूनच सुरू होते. रिकामे धावणे नाही. मुक्काम बंद झाला तर तीच गाडी पहाटे ४० किलोमीटर जवळजवळ रिकामी येणार आणि रात्री शेवटची फेरी सोडून तितकीच रिकामी परत जाणार. दिवसाला ८० किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी २४,००० किलोमीटर. भारमान पाहणारा अधिकारी वर्षअखेरीस म्हणेल की, हा मार्ग तोट्यात आहे. तो खोटे बोलणार नाही; फक्त तोटा गावामुळे नसून गाडी उभी करण्याच्या जागेमुळे आहे, हे त्याच्या तक्त्यात कोठेच दिसणार नाही.

विजेच्या गाडीचा यात मोठा संबंध आहे. डिझेलची गाडी रात्री कोठेही उभी राहू शकते. विजेच्या गाडीला रात्री आगारातील चार्जिंगच्या खांबाशी जावे लागते, कारण तीच तिची भरण्याची वेळ. म्हणजे आगाराच्या सर्व गाड्या सरसकट विजेच्या झाल्या आणि दुसरी काही योजना झाली नाही, तर मुक्कामाच्या गाड्या कोणी न ठरवता, कोणताही आदेश न निघता, आपोआप संपुष्टात येतील. मग पहाटेची गाडी आठला येईल. आठच्या गाडीचा दूधवाल्याला उपयोग नाही. आठवी-नववीतील ज्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर शाळेत जातात, त्यांच्या हाती पास राहील, पण वेळेवर पोचवणारी गाडी राहणार नाही.

उपाय नाहीत असे नाही. मुक्कामी नियतांसाठी काही डिझेल गाड्या राखून ठेवता येतील. दोन-तीन खोऱ्यांच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या गावी दहा-बारा गाड्यांचे उपआगार करून तेथेच चार्जिंगची सोय करता येईल. ज्या गावात पुरेशा दाबाची वीज आहे तेथे एखादा खांब उभा राहू शकेल. पण यातील प्रत्येक गोष्टीला जागा लागते आणि ती जागा बहुधा ग्रामपंचायतीकडे असते. मुक्कामाला येणाऱ्या चालक-वाहकांसाठी खोली, पाणी, शौचालय आणि गाडी वळवण्यापुरते मैदान. आजवर अनेक गावांत हे लोकांच्या आपुलकीवर चालत आले. देवळाच्या ओसरीवर अंथरूण आणि कोणाच्या तरी घरची भाकरी. कंत्राटी चालकाला करार ओळखतो, ओसरी ओळखत नाही. गावाला मुक्कामाची गाडी हवी असेल, तर पंचायतीने हे सारे ठरावाने व लेखी देऊ केले पाहिजे.

आगारांच्या जमिनींचाही एक शब्द. बसस्थानकाच्या जागेवर व्यापारी संकुल बांधण्याच्या योजना वेळोवेळी येतात. उत्पन्न वाढले तर कोणाला नको आहे? परंतु दुकानांना जागा करून देण्यासाठी कार्यशाळा व गाड्यांचा तळ गावाबाहेर १२ किलोमीटरवर नेला, तर काय होईल याचा हिशेब करा. साठ गाड्यांचे आगार धरा. रोज जाण्यायेण्याचे २४ किलोमीटर प्रत्येकी, म्हणजे दिवसाला १,४४० आणि वर्षाला सव्वापाच लाख किलोमीटरहून अधिक रिकामे धावणे. दुकानांचे भाडे एका वहीत जमा होते आणि हे किलोमीटर दुसऱ्या वहीत खर्ची पडतात, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी शेजारी कधी येत नाहीत. असा प्रस्ताव आपल्या तालुक्यात आला, तर पंचायत समितीने एवढेच विचारावे की, गाड्या रात्री कोठे उभ्या राहणार आणि तेथून पहिल्या थांब्यापर्यंतचे अंतर किती.

शेवटी एक काम शिक्षक मित्रांवर सोपवतो. मार्गांची फेररचना होते तेव्हा विभागीय कार्यालयाकडे तिकीट यंत्रातील आकडे असतात. तिकीट यंत्राला चढलेला माणूस दिसतो. गाडी न आल्याने थांब्यावरून घरी परतलेला दिसत नाही. तो दिसतो शाळेच्या हजेरीपटावर. परगावाहून येणारे विद्यार्थी किती, ते कोणत्या गावचे, कोणत्या दिवशी उशिरा आले आणि कोणत्या दिवशी आलेच नाहीत, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता एक महिनाभर ठेवा. बाजाराचा वार वेगळा दाखवा, कारण त्या दिवशी गाडीत मुलांना जागा मिळत नाही. महिनाअखेर तक्त्याची एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक पंचायत समितीला द्या आणि एक शाळेत ठेवा. पुढच्या वर्षी कंत्राटदार बदलला किंवा व्यवस्थापकांची बदली झाली, तर ती शाळेतली प्रत कामी येईल.